नव-शापेल : एका गावाचे शिवार आणि इतिहास

प्रस्तावना

फ्रान्स म्हटले की पॅरिस शहर, तेथील आयफेल मनोरा, चित्रसंग्रहालये असे काही डोळ्यांपुढे उभे राहते. तथापि फ्रान्स हा देश मोठ्या प्रमाणावर खेड्यांचाही आहे. तेथे सुमारे ३५ हजार ‘कोम्यून’ आहेत. कोम्यून म्हणजे स्वतःचा कारभार पाहणारे गाव किंवा शहर. यांपैकी निम्म्याहून अधिक कोम्यूनची वस्ती पाचशेच्याही आत आहे. अशा हजारो गावांतून एकच गाव प्रस्तुत पाठासाठी निवडले आहे. त्याचे नाव नव-शापेल. भूगोलाच्या पुस्तकात या गावाचा उल्लेख सापडणार नाही. भारतीयांच्या इतिहासात मात्र त्याला कायमची जागा मिळाली आहे. ती कशी मिळाली, हे समजण्यासाठी गावाची माती आणि पाणी यांपासूनच सुरुवात करावी लागते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही एखाद्या गावाची भौगोलिक रचना आणि तेथील घडामोडी यांचा संबंध स्पष्ट करू शकाल. फ्रान्समधील ग्रामकारभाराची आपल्या ग्रामपंचायतीशी तुलना करू शकाल. आणि माहितीपर लेखनातील मुद्दे ओळखून ते स्वतःच्या शब्दांत मांडू शकाल.

मूळ पाठ

नाव आणि ठिकाण

फ्रेंच भाषेत ‘नव’ म्हणजे नवे आणि ‘शापेल’ म्हणजे लहान प्रार्थनामंदिर. आपल्याकडे नवेगाव, नवापूर, नवी वाडी अशी नावे ज्या रीतीने पडली, त्याच रीतीने हेही नाव पडलेले दिसते. येथे भाषेच्या अभ्यासकाला एक गंमत आढळेल. फ्रेंचमधील ‘नव’ आणि संस्कृत-मराठीतील ‘नव’ या शब्दांचे साम्य योगायोगाचे नाही. लॅटिन आणि संस्कृत या दोन्ही भाषा एकाच प्राचीन भाषाकुळातून निघाल्या. लॅटिनमधून फ्रेंच आली, संस्कृत-प्राकृतातून मराठी आली, आणि हजारो वर्षांच्या प्रवासानंतरही हा एक शब्द दोन्हीकडे ओळखीचा राहिला.

नव-शापेल फ्रान्सच्या अगदी उत्तरेकडे, पा-द-काले या जिल्ह्यात आहे. लील या मोठ्या शहरापासून ते पश्चिम-नैर्ऋत्येस सुमारे वीस-बावीस किलोमीटरांवर आहे. बेल्जियमची सरहद्द जवळच आहे. गावाची वस्ती हजार-दीड हजारांच्या आसपास. २०१६ मध्ये फ्रान्सने आपल्या प्रांतांची फेररचना केली. तेव्हापासून हा भाग ‘ओ-द-फ्रांस’ या प्रांतात मोडतो. या नावाचा अर्थ ‘फ्रान्सची उंच भूमी’ असा होतो. नकाशाच्या माथ्यावर असल्यामुळे हे नाव शोभते खरे, परंतु नव-शापेलच्या शिवारात उभे राहून पाहिले तर उंच असे काहीच दिसत नाही. नजर पोहोचेल तेथवर सपाट जमीन पसरलेली असते.

या भागातील जुनी बोली प्रमाण फ्रेंचहून वेगळी आहे. तिला पिकार म्हणतात. तिच्या बोलण्यातील ‘श’ आणि ‘ति’ या उच्चारांवरून येथील लोकांना ‘श्ती’ किंवा ‘श्तिमी’ असे टोपणनाव पडले. पहिल्या महायुद्धात दक्षिणेकडून आलेल्या फ्रेंच सैनिकांनी ते थट्टेने ठेवले होते. आता मात्र येथील माणसे ते अभिमानाने मिरवतात.

काळी जमीन आणि वर आलेले पाणी

हा प्रदेश लीस नदीच्या खोऱ्याचा आहे. गावाची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम वीस मीटर. वरच्या मातीच्या थराखाली चिकणमाती आहे, आणि चिकणमातीतून पाणी खाली मुरत नाही. पाऊस आपल्याकडील मृगासारखा एकदम कोसळत नाही. तो वर्षभर थोडाथोडा, कंटाळवाणा पडत राहतो. परिणामी हिवाळ्यात फूट-दोन फूट खणले तरी खड्ड्यात पाणी साचते. आपल्या शेतकऱ्याला विहिरीसाठी परसावर परस खाली जावे लागते. नव-शापेलच्या शेतकऱ्यापुढे आलेले पाणी घालवायचे कुठे, हा प्रश्न असतो.

त्याचे उत्तर तेथील लोकांनी पिढ्यान्पिढ्या चर खणून दिले. शेताच्या कडेने चर, चरांना जोडणारे मोठे नाले आणि ते सारे पाणी उचलून लीस नदीकडे नेणारा लेय नावाचा ओढा, अशी ही निचऱ्याची व्यवस्था आहे. चर दरवर्षी साफ करावे लागतात. एकाने आपला चर बुजू दिला, तर शेजाऱ्याचे पीक पाण्याखाली जाते. त्यामुळे चरांची निगा ही येथे खाजगी बाब राहत नाही, ती साऱ्या गावाची होते. आपल्याकडे पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून जे वाद होतात आणि जो समंजसपणाही दिसतो, त्याचेच हे उलटे रूप म्हणता येईल.

निचरा झालेली ही जमीन कसदार आहे. गहू, बटाटा, मका आणि शर्कराकंद ही येथील पिके. शर्कराकंद म्हणजे बीटाच्या जातीचे, साखर देणारे कंद. नेपोलियनच्या काळात समुद्रमार्गाची कोंडी झाली आणि वसाहतींतून येणारी उसाची साखर फ्रान्सला मिळेनाशी झाली. तेव्हा १८११ मध्ये सरकारने या कंदाच्या लागवडीस मोठे उत्तेजन दिले, आणि उत्तर फ्रान्सच्या शेतीत तो कायमचा रुजला. महाराष्ट्रात साखरेने उसाच्या पट्ट्याचे रूप जसे पालटले, तसे तेथे या कंदाने पालटले. नव-शापेलच्या दक्षिणेस मात्र जमिनीखाली दगडी कोळसा होता. तेथे बेत्यून आणि लांस या शहरांभोवती खाणी निघाल्या. त्या प्रदेशातील शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली.

गावाच्या पूर्वेस ओबेर नावाची एक कड आहे. कड म्हणावी की उंचवटा, असा प्रश्न पडावा इतकी ती लहान. आसपासच्या जमिनीहून सुमारे वीस मीटर उंच. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ती टेकडीही वाटणार नाही. पण जेथे सारेच सपाट, तेथे वीस मीटरांनाही मोठी किंमत येते. त्या कडेवर उभा असलेला माणूस मैलोगणती पाहू शकतो आणि खालच्या माणसाला मात्र लपायला जागा नसते. कड कोरडी राहते, खालचे शिवार पाण्याने भरते. पुढे या गावावर जे ओढवले, त्याचे मर्म या दोन वाक्यांत आहे.

गावाचा कारभार

हा प्रदेश आर्त्वा आणि फ्लँडर्स यांच्या सीमेवरचा. त्यावर कधी बर्गंडीच्या सरदारांची, कधी स्पेनच्या राजघराण्याची सत्ता होती. १६५९ च्या तहाने आर्त्वाचा बहुतेक भाग फ्रान्सकडे आला. राजे बदलले तरी गावाचे जीवन चर्च, शेत आणि चर यांभोवतीच फिरत होते.

बदल घडला तो फ्रेंच राज्यक्रांतीने. डिसेंबर १७८९ च्या कायद्याने प्रत्येक गावाला कोम्यूनचा दर्जा मिळाला. १७९२ मध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी चर्चकडून काढून कोम्यूनकडे देण्यात आल्या. ही गोष्ट वाचताना किरकोळ वाटते. तिचे महत्त्व मोठे आहे. माणूस कोणत्याही पंथाचा असो, त्याचे नाव गावाच्या दप्तरात लिहिले जाणार, असा तिचा अर्थ होता. १८८४ च्या कायद्याने कारभाराची आजची चौकट बसवली. गावकरी नगरसभेचे सदस्य निवडतात आणि सदस्य आपल्यातून ‘मेर’, म्हणजे नगराध्यक्ष, निवडतात. सभेची मुदत सहा वर्षांची असते. लहानशा गावातही ‘मेरी’ नावाची कचेरी असते. फ्रान्समधील विवाह कायदेशीर होतो तो या कचेरीत, मेरच्या समोर. स्त्रियांना मतदानाचा हक्क मात्र १९४४ पर्यंत मिळाला नव्हता. भारतीय स्त्रियांना तो प्रजासत्ताकाच्या आरंभापासूनच मिळाला. या बाबतीत आपला देश मागे नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. अनेक गावांत मेरी आणि शाळा एकाच इमारतीत असत. त्यामुळे १९१४ साली त्या भागातील शेतकऱ्याच्या मुली-सुनांना लिहिता-वाचता येत होते. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

पाठगत प्रश्न १

(अ) नव-शापेलच्या शेतकऱ्यांना चरांची निगा एकत्रितपणे का ठेवावी लागते?
(आ) ‘जेथे सारेच सपाट, तेथे वीस मीटरांनाही मोठी किंमत येते.’ हे विधान स्पष्ट करा.

१९१४ चा पानकळा

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. जर्मन सैन्य बेल्जियममधून फ्रान्समध्ये शिरले. ऑक्टोबरच्या सुमारास दोन्ही बाजूंची सैन्ये एकमेकांना वळसा घालण्याच्या प्रयत्नात उत्तरेकडे सरकत समुद्रापर्यंत गेली. ती जेथे थांबली तेथे आघाडीची रेषा पडली आणि ही रेषा नव-शापेलच्या शिवारातून गेली. गावकऱ्यांना घरेदारे सोडावी लागली.

त्याच सुमारास भारतातून आलेले सैन्य येथे पोहोचत होते. लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजनांचे हे ‘इंडियन कोअर’. त्यातील पहिल्या तुकड्या सप्टेंबरच्या अखेरीस मार्सेय बंदरात उतरल्या. शीख, गढवाली, गुरखे, पठाण, डोग्रा, जाट, पंजाबी मुसलमान, मराठे असे नाना प्रांतांचे जवान त्यात होते. त्यांच्या अंगावरचे कपडे उष्ण प्रदेशातले होते; लोकरीचे कपडे उशिरा मिळाले. ज्या राज्यकर्त्यांसाठी ते लढायला आले होते, त्यांनी या जवानांच्या देशाला स्वराज्य दिलेले नव्हते. तरीही ते आले. कुणाला घराण्याची शिपाईगिरी पुढे चालवायची होती, कुणाला पगाराची गरज होती, कुणाला इमानाची चाड होती. आज त्यांच्याविषयी लिहिताना नुसता गौरव किंवा नुसती कीव पुरेशी नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस जर्मनांनी नव-शापेल घेतले. ते परत मिळवण्यासाठी २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ वी शीख पलटण आणि ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’च्या २० व २१ क्रमांकांच्या कंपन्यांनी उघड्या मैदानातून चाल केली. मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे. थर्ड सॅपर्स म्हणजे पूर्वीचे बॉम्बे सॅपर्स. त्यांचे मुख्य ठाणे पुण्याजवळ खडकी येथे होते, आणि आजही त्या दलाचे केंद्र तेथेच आहे. त्यांच्यात शीख आणि मुसलमान जवानांबरोबर मराठे जवानही असत. सॅपरचे खरे काम पूल बांधणे, रस्ते करणे, खंदक खणणे, सुरुंग लावणे हे होय. त्या दिवशी पायदळ अपुरे पडले म्हणून या कारागीर जवानांना संगिनी घेऊन पुढे जावे लागले. त्यांनी गाव गाठले. मुख्य रस्त्यावर, घराघरांत, अंगणाअंगणांत हातघाईची लढाई झाली. कुमक आली नाही. जर्मनांनी उलट हल्ला केला आणि उरलेल्यांना मागे फिरावे लागले. दोन्ही कंपन्यांचे एकूण एक अधिकारी ठार किंवा जखमी झाले, आणि शंभरावर जवान पडले. गाव जर्मनांकडेच राहिले.

मग हिवाळा आला. दोन्ही बाजूंनी खंदक खणण्यास सुरुवात केली आणि पाण्याने आपला जुना स्वभाव दाखवला. खंदक भरू लागले. तोफगोळ्यांनी चरांचे जाळे फुटले होते, त्यामुळे पाणी वाहून जायला वाट उरली नव्हती. शेतकऱ्यांनी शतकानुशतके सांभाळलेली निचऱ्याची व्यवस्था काही आठवड्यांत मोडली. अखेर खाली खणण्याऐवजी मातीच्या आणि वाळूच्या पोत्यांच्या भिंती वर उभारून त्यांच्या आड सैनिक राहू लागले. गुडघाभर गारठलेल्या पाण्यात तासन् तास उभे राहिल्यामुळे पाय सुजत, बधिर होत, सडत. लष्करी वैद्यकात या व्याधीला ‘ट्रेंच फूट’ असे नाव पडले.

तीन दिवसांची लढाई

१० मार्च १९१५ रोजी ब्रिटिश सेनेने नव-शापेल घेण्यासाठी मोठा हल्ला केला. हल्ला करणाऱ्या सैन्यात सुमारे निम्मे जवान भारतीय होते. विमानांतून छायाचित्रे घेऊन शत्रूच्या खंदकांचे नकाशे अगोदरच तयार केले होते. युद्धाच्या इतिहासात ही नवी गोष्ट होती. सकाळी साडेसात वाजता तोफांचा मारा सुरू झाला. तो अवघी पस्तीस मिनिटे चालला. त्यानंतर पायदळ पुढे गेले आणि सकाळच्या काही तासांतच गाव हाती आले.

हा विजय पुढे सरकला नाही. उत्तर टोकाच्या तोफा आयत्या वेळी पोहोचल्यामुळे तेथील काटेरी तारा तुटल्या नव्हत्या आणि चाल करणारी माणसे त्यांच्यापुढे कोसळली. दक्षिणेस एक गढवाली पलटण दिशा चुकून अभंग तारांवर गेली. टेलिफोनच्या तारा तुटल्यामुळे पुढच्यांचा निरोप मागच्यांना मिळेना. हुकूम येईतो दुपार उलटली आणि जर्मनांना कुमक आणण्यास वेळ मिळाला. १३ मार्चला हल्ला थांबला. हाती आले ते एक उद्ध्वस्त गाव आणि जेमतेम किलोमीटरभर खोल जमीन. ओबेरची कड शत्रूकडेच राहिली. ब्रिटिश सेनेचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे साडेअकरा ते तेरा हजार माणसे गारद झाली; त्यांत चार हजारांहून अधिक भारतीय होते. जर्मनांची हानीही जवळजवळ तितकीच मोठी होती. गावाच्या त्या वेळच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसे त्याच्या शिवारात पडली.

गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीत गबर सिंह नेगी हा टेहरी भागातला तरुण जवान होता. खंदकाच्या प्रत्येक वळणावर तो सर्वांत पुढे गेला आणि समोरच्यांना शरण येण्यास भाग पाडले. त्याच लढाईत तो मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उत्तराखंडातील चंबा येथे त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी एप्रिलमध्ये जत्रा भरते.

आघाडीच्या मागच्या गावांत भारतीय जवान विश्रांतीसाठी शेतघरांत राहत. पुरुष लढाईवर गेल्यामुळे त्या घरांची शेती बायकाच करीत होत्या. नांगर धरणारी, हिशेब लिहिणारी, वर्तमानपत्र वाचणारी शेतकरीण पाहून या जवानांना नवल वाटे. त्यांतील पुष्कळांना स्वतः लिहिता येत नव्हते. ते सोबत्याकडून किंवा लेखनिकाकडून पत्रे लिहून घेत. उर्दू, हिंदी, गुरुमुखी अशा लिप्यांतील ही पत्रे लष्कराचे अधिकारी तपासत आणि त्यांच्या अनुवादांचे उतारे जपून ठेवत. म्हणून ती आज वाचायला मिळतात. थंडी, तोफा, मरण यांचे वर्णन त्यांत आहेच. त्याबरोबर आपल्या मुलींना शाळेत घाला, असा घरच्यांना दिलेला आग्रहाचा सल्लाही त्यांत सापडतो. स्वतःच्या सहीऐवजी अंगठा उठवणारा माणूस खंदकातून हा निरोप पाठवतो, ही गोष्ट एखाद्या लढाईच्या वर्णनाहून कमी मोलाची नाही.

१९१५ च्या अखेरीस भारतीय पायदळ फ्रान्सहून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, पाठवण्यात आले. मराठा पलटणींची मुख्य रणभूमी तीच होती. घोडदळ फ्रान्समध्ये १९१८ पर्यंत राहिले.

पाठगत प्रश्न २

(अ) सॅपर जवानांचे नेहमीचे काम कोणते? २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्यांना कोणते काम करावे लागले?
(आ) १० मार्चच्या विजयाचा लाभ पुढे का मिळाला नाही? दोन कारणे लिहा.

भंगलेला क्रूस

गावाचे भोग एवढ्यावर संपले नाहीत. १९१७ पासून या भागातील आघाडी पोर्तुगीज सैन्याकडे होती. ९ एप्रिल १९१८ रोजी जर्मनांनी लीसच्या खोऱ्यात प्रचंड हल्ला केला. त्यात पोर्तुगीजांची फळी कोलमडली आणि नव-शापेल पुन्हा जर्मनांकडे गेले. शरद ऋतूत ते परत मिळाले तेव्हा गाव असे काही उरलेच नव्हते. पांढरी आणि काळी यांतला भेद पुसला गेला होता. घरांच्या जागीही खड्डे आणि शेतांच्या जागीही खड्डेच.

या विध्वंसात एक क्रूस तेवढा उभा राहिला. त्यावरची येशूची मूर्ती भंगली होती, तरी ती पडली नव्हती. पोर्तुगीज सैनिकांनी तिला ‘खंदकांतला ख्रिस्त’ असे नाव दिले. पुढे पोर्तुगालच्या विनंतीवरून फ्रान्सने ती मूर्ती त्या देशाला दिली. १९५८ पासून ती पोर्तुगालमधील बाताल्याच्या मठात अज्ञात सैनिकांच्या समाधीशेजारी आहे.

पुन्हा उभारलेले गाव

युद्धानंतर अशी गावे पुन्हा वसवावीत की जमीन ओसाड सोडून द्यावी, याचा विचार फ्रेंच सरकारने गंभीरपणे केला. व्हर्दूनच्या बाजूची काही गावे खरोखरच कायमची सोडून दिली गेली. नव-शापेलचे लोक परत आले. एप्रिल १९१९ च्या कायद्याने युद्धात झालेल्या नुकसानीची भरपाई मिळण्याचा हक्क त्यांना मिळाला होता. पण भरपाईच्या आधी जमीन साफ करणे भाग होते. तारा गुंडाळायच्या, न फुटलेले गोळे वेचायचे, खंदक बुजवायचे आणि मग चर पुन्हा खणायचे. तांबड्या विटांची घरे, चर्च आणि मेरी नव्याने उभी राहिली. आज गावात फिरताना जुने वाटणारे बहुतेक बांधकाम १९२० नंतरचे असते.

जमिनीने मात्र सारे विसरलेले नाही. या भागात नांगरटीच्या हंगामात आजही लोखंडाचे तुकडे आणि न फुटलेले गोळे वर येतात. शेतकरी त्याला ‘लोखंडी पीक’ म्हणतात. गोळा सापडला की त्याला हात न लावता मेरीत कळवायचे आणि सरकारी पथकाने येऊन तो न्यायचा, अशी रीत आहे. शंभर वर्षांनंतरही हे पीक संपलेले नाही.

नावांची भिंत

गावाजवळच्या चौरस्त्यावर भारतीय जवानांचे स्मारक आहे. त्याचे नाव नव-शापेलचे, पण शिवार शेजारच्या रिशबूर या कोम्यूनचे. गावांच्या हद्दी अशाच असतात. वास्तुविशारद हर्बर्ट बेकर यांनी त्याची रचना केली. नवी दिल्लीतील संसद भवनाची जुनी इमारत आणि सचिवालये यांच्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, तेच हे बेकर. वर्तुळाकार आवार, एका बाजूला सांचीच्या कठड्याची आठवण देणारी दगडी जाळी, दोन्ही टोकांना छत्र्या, मध्ये कमळाच्या शीर्षाचा सुमारे पंधरा मीटर उंच स्तंभ आणि त्याच्या दोन्ही अंगांना दगडी वाघ. ईश्वर एक आहे आणि विजय त्याचा आहे, अशा आशयाची वचने स्तंभावर इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत कोरलेली आहेत. म्हणजे फ्रान्सच्या या खेड्याबाहेर देवनागरी अक्षरेही वाचायला मिळतात. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी स्मारकाचे अनावरण झाले. फ्रान्सचे सेनापती मार्शल फॉश त्या वेळी उपस्थित होते.

भिंतीवर ४ हजार ७०० हून अधिक नावे आहेत. ज्यांची कबर कोठे आहे हे ठाऊक नाही, अशांची ही नावे. कुणाचा देह चिखलात नाहीसा झाला, कुणाला घाईने पुरले आणि ती जागा पुढे तोफांनी उखडली. नावे पलटणीनुसार कोरली आहेत. जात, धर्म, प्रांत यांनुसार वेगळे केलेले नाही. पलटणी मिश्र होत्या, म्हणून नावेही मिश्र आहेत. जे नवरे, मुलगे, भाऊ कधी परतले नाहीत, त्यांच्या घरच्यांपैकी फारच थोड्यांना हे स्मारक पाहता आले असेल. समुद्र ओलांडून जाण्याइतका पैसा त्यांच्याकडे नव्हता. १९६४ मध्ये येथे आणखी एक कांस्य फलक बसवण्यात आला. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत मृत्यू पावलेल्या आणि झेरेन्सडॉर्फ येथे पुरलेल्या २१० जणांची नावे त्यावर आहेत. तेथील कबरींची देखभाल अशक्य झाली होती. २०१५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी या स्मारकाला भेट दिली. २०२३ मध्ये युनेस्कोने पश्चिम आघाडीवरील १३९ स्मृतिस्थळांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यांत हे स्मारकही आहे.

भारतातही याचे दुसरे टोक सापडते. युद्धानंतर अनेक गावांत संगमरवरी पाट्या लावल्या गेल्या. या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच म्हणतात. फ्रान्समधील जवळजवळ प्रत्येक कोम्यूनमध्येही गावातल्या मृतांचा स्तंभ असतो. एक फरक मात्र नजरेतून सुटत नाही. फ्रान्सच्या स्तंभावर माणसांची नावे असतात. आपल्याकडच्या त्या पाट्यांवर बहुधा आकडे असतात.

शब्दार्थ

शिवार : गावाच्या हद्दीतील शेतजमीन
पांढरी : गावातील वस्तीची जागा
काळी : कसण्याची जमीन
निचरा : साचलेले पाणी वाहून जाणे
परस : खोली मोजण्याचे जुने माप, साधारण पुरुषभर
पानकळा : पावसापाण्याचे दिवस
कुमक : मदतीस पाठवलेले जादा सैन्य
गारद होणे : ठार किंवा निकामी होणे
चाड : आस्था, पर्वा

पाठान्त प्रश्न

१. नव-शापेल येथील खंदकांत पाणी का साचत असे? जमीन, पाऊस आणि चर या तिन्हींच्या आधारे उत्तर लिहा.

२. फ्रान्समधील ‘मेर’ आणि आपल्याकडील सरपंच यांची निवड कशी होते, याची माहिती मिळवून आठ-दहा ओळींत तुलना करा.

३. ‘आज त्यांच्याविषयी लिहिताना नुसता गौरव किंवा नुसती कीव पुरेशी नाही.’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? पाठातील दोन उदाहरणे देऊन मत मांडा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : हातघाई, ओसाड, आयत्या वेळी, पिढ्यान्पिढ्या.

५. उपक्रम : तुमच्या गावात, वाडीत किंवा वस्तीत एखादा स्मृतिस्तंभ, वीरगळ किंवा जुनी पाटी असेल तर तिच्यावरील मजकूर जसाच्या तसा उतरून घ्या. त्यात नावे आहेत की केवळ संख्या, ते पाहा. नावे नसतील तर गावातील वृद्धांना विचारून जितकी मिळतील तितकी एका कागदावर लिहा आणि अभ्यासकेंद्रात वाचून दाखवा.